घरचे तळे आणि मोठे मासे

कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसविली. अशा गजबजलेल्या पेठेतही एखाद्या घरामागे थोडे परस असते. तेथे तळे खोदावे व त्यात मोठे मासे पाळावेत, अशी हौस कोणालाही वाटेल. परंतु मासे निवडावेत कसे?

प्रथम माशाचे तोंड पाहावे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते; तो पृष्ठभागाजवळचे अन्न टिपतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते. तो तळाशी चरतो. रोहू मधल्या थरात वावरतो. म्हणूनच हे तिघे एका तळ्यात सुखाने नांदतात. आफ्रिकन मांगूर मात्र इतर मासे गिळंकृत करतो. भारतात तो पाळण्यास बंदी आहे.

तोंडाइतकाच देहाचाही विचार करावा. आज बोटाएवढे असलेले कटल्याचे पिलू पुढे हातभर, किंबहुना त्याहूनही मोठे होते. तळे मात्र वाढत नाही! दिवसा पाणवनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री त्याही माशांप्रमाणे तो केवळ वापरतात. त्यामुळे तळ्यात दाटी झाली, की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासू लागतात, कित्येक दगावतातही.

यास्तव तळे लहान असेल, तर मोठ्या माशांचा मोह आवरावा. मासे पाळू इच्छिणाऱ्याने आधी पाणी मोजावे आणि मगच मासे मोजावेत.