पहिलवानाची बदली

सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसास 'बदली' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. कुणाची बदली शिक्षा म्हणून होते, कुणाची बढती म्हणून, आणि कुणाची तर केवळ दुसऱ्या कुणासाठी जागा मोकळी करावयाची म्हणून. हुकूम हाती पडला की माणूस आधी भाड्याचे घर शोधतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो, आणि मग कधीतरी स्वतःलाच विचारतो की या नव्या गावी आपले भले होणार की उलटेच काही? हा प्रश्न आमच्यासारख्या शिक्षकांना आणि तलाठ्यांनाच पडतो अशी आमची समजूत होती. अमेरिकेतील सहा-सहा फुटी धिप्पाड मल्लांच्याही बदल्या होतात, आणि अमक्याची तिकडे बदली झाली असती तर त्याचे सोने झाले असते यावर आमच्या शाळेतील मुले मधल्या सुट्टीत हमरीतुमरीवर येतात, हे अलीकडे आमच्या ध्यानी आले. विषय पोरकट दिसतो खरा. परंतु आम्ही त्याचा थोडा मागोवा घेतला, तेव्हा तो वाटतो तितका पोरकट नाही असे आमचे मत झाले.

वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ई. ही अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीची कंपनी. तिचे प्रमुख साप्ताहिक कार्यक्रम दोन : 'रॉ' हा जानेवारी १९९३ पासूनचा, तर 'स्मॅकडाउन' १९९९ चा. मल्लांची गर्दी फार झाली तेव्हा मार्च २००२ मध्ये कंपनीने, भाऊबंदांनी शेत वाटून घ्यावे त्याप्रमाणे, मल्लांची या दोन कार्यक्रमांत वाटणी केली. ज्याने त्याने आपापल्या घरीच लढावयाचे. २०११ मध्ये ही वाटणी मोडली आणि जुलै २०१६ मध्ये ती पुन्हा अमलात आली. मधूनमधून इकडचे मल्ल तिकडे आणि तिकडचे इकडे असा फेरबदल होत असतो. मुलांचा वाद असतो तो या फेरबदलावर.

येथे एखादा जुना तालीमबाज वाचक म्हणेल, अहो, ही तर सारी नुरा कुस्ती! निकाल आधीच ठरलेला असेल, तर मल्ल या घरी लढला काय आणि त्या घरी लढला काय? कुस्ती नुरा आहे हे खरेच; १९८९ साली खुद्द कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे मान्य केले होते. परंतु नेमक्या याच कारणाने घर बदलण्यास महत्त्व येते. खऱ्या कुस्तीत मातीवर पाठ लागली की निर्णय झाला; कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. येथे मल्लाचे भाग्य कथानक लिहिणाराच्या टेबलावर ठरते. त्या टेबलावर त्याच्यासाठी भूमिका शिल्लक आहे की नाही, हाच काय तो प्रश्न.

म्हणून या मल्लांची तुलना आपल्या तालमीतील पहिलवानांपेक्षा नाटक मंडळीतील नटांशी करणे अधिक न्याय्य ठरेल. कोल्हापुरास जाऊन आलेल्या वाचकांनी पाहिलेच असेल की खासबागेचे कुस्ती मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह ही शाहू महाराजांची दोन्ही अपत्ये एकमेकांना खेटून उभी आहेत. (त्या नाट्यगृहाची ऑगस्ट २०२४ च्या आगीत जी हानी झाली, ती आठवली की आजही जीव हळहळतो.) केशवराव स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडले आणि १९०८ साली आपल्या हुबळीस त्यांनी 'ललितकलादर्श' स्थापन केली. बालगंधर्वांनी १९१३ साली बोडस आणि टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडली व 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे प्रतिस्पर्धी मुंबईस 'संयुक्त मानापमान'मध्ये एका रंगमंचावर उभे राहिले. रॉचा मल्ल आणि स्मॅकडाउनचा मल्ल वर्षातून एकदा समोरासमोर आणून कंपनी २०२१ पर्यंत जी गंमत करीत असे, तिचे मर्म आपल्या आजोबा-पणजोबांना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते म्हणावयाचे!

मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. बालगंधर्वांनी मंडळी बदलली तेव्हा त्यांचा प्रेक्षक त्यांच्या मागोमाग आला. कीर्ती आधीच मिळालेली होती. अमेरिकेतही असेच घडते. जून २००५ मध्ये जॉन सीना स्मॅकडाउनवरून रॉवर गेला आणि त्याच महिन्यात बॅटिस्टा रॉवरून स्मॅकडाउनवर आला, तेव्हा दोघांच्याही कमरेस अजिंक्यपदाचे पट्टे होते. कलेक्टरची बदली झाली तरी तो कलेक्टरच! फायदा झाला असेल तर तो त्या त्या कार्यक्रमाचा. एडी गरेरोची गोष्ट थोडी निराळी. ऑगस्ट २००२ मध्ये तो रॉ सोडून स्मॅकडाउनवर आला, तेथे त्याला पुतण्याची साथ मिळाली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने ब्रॉक लेस्नरसारख्या पहाडास पराभूत करून मुख्य किताब मिळविला. पण एडीचे कौशल्य जगाने आधीच मानले होते. नव्या घराने त्याला फक्त वरच्या पायरीवर उभे केले.

खरा लाभ ज्याचा होतो तो मल्ल या कोणाहून वेगळा असतो. त्याची तयारी पुरी झालेली असते, पण घरातल्यांनी त्याच्यावर एक शिक्का मारलेला असतो. हा शिक्का फार वाईट. आमच्या तीस वर्षांच्या अनुभवात आम्ही अशी मुले पाहिली आहेत, की पहिलीत ज्यांस 'ढ' म्हटले गेले ती सातवीपर्यंत ढच राहिली. कारण वर्ग तोच, सोबती तेच आणि हाका मारणारे तोंडही तेच. वडिलांच्या बदलीमुळे ती दुसऱ्या गावी गेली आणि तेथे पहिल्या बाकावर बसू लागली. मुलगा बदलला नव्हता. नव्या गावात त्याचे जुने नाव कोणास ठाऊक नव्हते, इतकेच. आमच्या सीमाभागातली पोरे कोल्हापुरास गंगावेस तालमीत किंवा मोतीबागेत राहावयास जातात ती चांगला वस्ताद आणि तोलामोलाचा जोड मिळावा म्हणून, हे उघड आहे. पण 'अमक्याचा पोर' ही ओळख मागे ठेवण्याचा लाभही त्यात असतोच.

या कसोटीवर पाहिले तर घर बदलल्याचा सर्वाधिक लाभ कोणास झाला, या प्रश्नाचे आमचे उत्तर आहे जिंदर महाल. योगायोग असा की हा मल्ल आपल्याच रक्ताचा आहे. कॅनडातील कॅलगरी येथे १९८६ मध्ये पंजाबी कुटुंबात जन्मलेला हा तरुण. त्याचा मामा 'गामा सिंग' या नावाने त्याच शहरात वर्षानुवर्षे लढत असे. नावावरून घराण्याची निष्ठा कोठे होती हे सांगावयास नको. महाल २०११ मध्ये दूरचित्रवाणीवर प्रथम दिसला तो हिमाचलच्या महाकाय खलीच्या सोबतीने. पुढे त्याला हीथ स्लेटर आणि स्कॉटलंडचा ड्रू मॅकिन्टायर यांच्याबरोबर एका गाणाऱ्या-वाजवणाऱ्या त्रिकुटात टाकण्यात आले. त्या त्रिकुटाचे काम एकच : दर आठवड्यास यावे, हसे करून घ्यावे आणि हरावे. जून २०१४ मध्ये कंपनीने महाल आणि मॅकिन्टायर या दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठविले.

२०१६ मध्ये पुन्हा वाटणी झाली, मल्ल कमी पडू लागले, आणि महालला परत बोलावणे आले. तो रॉवर आला तो शरीर पार बदलूनच; अंगावर चरबीचा लवलेश नाही, नुसत्या तारा. परंतु रॉवरचे तीन तास आधीच बड्या नावांनी भरलेले. तेथे त्याची ओळख जुनीच राहिली : हरणारा. एप्रिल २०१७ च्या फेरबदलात त्याला स्मॅकडाउनवर धाडण्यात आले, तेव्हा कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. स्मॅकडाउन स्वतःस संधीची भूमी म्हणवीत असे. तेथे वरच्या फळीत माणसे थोडी होती आणि जागा मोकळी होती. पहिल्या काही दिवसांतच, १८ एप्रिल रोजी, सहा जणांच्या झुंजीत तो जिंकला आणि अजिंक्यपदाचा आव्हानवीर ठरला. २१ मे रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे त्याने रँडी ऑर्टनला पाडले आणि या किताबाच्या इतिहासातील ५० वा मानकरी झाला. हुकूम आणि सिंहासन यांत दीड महिन्याचेही अंतर नाही! अशी बदली आमच्या खात्यात तरी आम्ही ऐकलेली नाही.

यावर आमच्या विद्यार्थ्यांपैकी चुणचुणीत असतात ते लगेच आक्षेप घेतात, की गुरुजी, कंपनीला हिंदुस्थानातली बाजारपेठ हवी होती म्हणून त्याला चढविले. आक्षेप खरा आहे. भारतात हा खेळ पाहणारे अगणित आहेत हे कंपनीस कळत नव्हते असे थोडेच? खलीचे उदाहरणही हेच सुचविते. तो २००७ च्या उन्हाळ्यात रॉवर सीनापुढे हरत होता. जुलैमध्ये स्मॅकडाउनवर आला आणि एजच्या दुखापतीने रिकामा झालेला पट्टा एका झुंडीच्या कुस्तीत त्याने उचलला. पण केवळ हिंदी असण्याने भागत असते तर वीर महानचेही भागले असते. उत्तर प्रदेशातील हा रिंकू सिंग मूळचा भालाफेक करणारा, मग बेसबॉलपटू, मग मल्ल. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला साथीदारांपासून वेगळा काढून रॉवर एकट्यास ठेवले गेले आणि 'वीर महान येत आहे' अशी दवंडी आठवड्यामागून आठवडे पिटली गेली. तो उगवला एप्रिल २०२२ मध्ये! बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असे म्हणावयाची पाळी तोवर प्रेक्षकांवर आली होती. आल्यावरही त्याच्यासाठी धड कथानक नव्हतेच, आणि थोड्याच काळात तो खालच्या कार्यक्रमात गेला. बाजारपेठ तीच, देश तोच. महालला नव्या घरी मिळाली होती ती भूमिका : रेशमी फेट्यातला, पंजाबीत बोलणारा, अमेरिकन प्रेक्षकाच्या परकीयद्वेषावर बोट ठेवून त्याला चिडविणारा उद्दाम 'महाराजा'. ती भूमिका पेलण्याजोगे शरीर त्याने आधीच कमावून ठेवले होते.

ते राज्य १७० दिवस टिकले. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी मँचेस्टर येथे ए. जे. स्टाइल्सने त्याच्याकडून पट्टा घेतला. लेस्नरशी व्हावयाची त्याची गाजलेली लढत त्यामुळे हुकली. आणि ९ डिसेंबर रोजी, जेथे त्याने विजयी राजासारखे यावयाचे त्या दिल्लीतच, तो ट्रिपल एचकडून हरला. ट्रिपल एच हा तेव्हा मल्ल तसाच कंपनीचा बडा अधिकारीही होता. बाजारपेठेसाठी राजा केला असे म्हणणाऱ्यांनी या दिल्लीच्या निकालाचाही खुलासा करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

येथे त्या त्रिकुटातील दुसऱ्या गड्याकडे वळले पाहिजे. मॅकिन्टायर २०१४ मध्ये निघाला तो थेट लहान-लहान संस्थांच्या आखाड्यांत, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, मिळेल तेथे लढत राहिला. २०१७ मध्ये परतला तेव्हा तो घडलेला, ठाशीव मल्ल होता. एप्रिल २०२० मध्ये, साथीमुळे एकही प्रेक्षक नसलेल्या सभागृहात, त्याने लेस्नरला हरवून तोच किताब मिळविला. त्यानंतर रॉ आणि स्मॅकडाउन या दोन्ही घरी त्याच्या बदल्या झाल्या, आणि दोन्हीकडे त्याचे स्थान वरचेच राहिले. महालला एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने दुसऱ्यांदा निरोप दिला. एकाच दिवशी काढलेले हे दोघे : एकाला नव्या घराने मोठे केले, दुसऱ्याने घराबाहेर राहून स्वतःस मोठे केले. मुलांनी आम्हांस विचारले की यातले श्रेष्ठ कोण, तर आम्ही मॅकिन्टायर म्हणू. पण बदलीने लाभ कोणास झाला असे विचारले, तर मॅकिन्टायरचे नाव त्या यादीत घालता येत नाही. त्याला तिची गरज उरली नव्हती.

महालची एक बदली सांगावयाची राहिली. ८ एप्रिल २०१८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मेळ्यात त्याने युनायटेड स्टेट्स अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला. हा पट्टा स्मॅकडाउनचा. आठच दिवसांनी, १६ एप्रिलच्या फेरबदलात, त्याला पट्ट्यासह पुन्हा रॉवर, आपल्या जुन्या घरी, पाठविण्यात आले. त्याच रात्री जेफ हार्डीने त्याला हरवून पट्टा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी हार्डीची बदली स्मॅकडाउनवर झाली. पट्टा त्याच्याबरोबर स्मॅकडाउनला परत गेला, आणि महाल रॉवर राहिला.