तारपा हातात येण्याआधी

वारली चित्र पाहिलं नाही असा मराठी माणूस आज सापडायचा नाही. शाळांच्या भिंती, साड्या, चहाचे कप, सरकारी कचेऱ्यांची प्रवेशद्वारं, सगळीकडे तेच दृश्य: मधोमध तारपा फुंकणारा माणूस आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर चित्र काढणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. चित्राला गिऱ्हाईक आहे, ते घरात बसून काढता येतं, पाठवता येतं, चार पैसे मिळतात. चित्रातला तो मधला माणूस मात्र विरळ होत चाललाय. तारप्याचा सूर प्रत्यक्ष न ऐकता तारपा हुबेहूब रेखाटणारी मुलं या भागात वाढत असतील, तर ती चिंतेची गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं.

वाद्य शिकणाऱ्या मुलाला आधार द्यायचा म्हटलं की शहरातल्या आईबापांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेला रस्ता येतो: क्लास, तबल्याची जोडी किंवा हार्मोनियम, रोजचा रियाज, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका. रस्ता चांगला आहे, त्याने हजारो घरांत संगीत नेलं. तारप्याला यातलं काहीच नाही. ना क्लास, ना परीक्षा, ना लिहिलेले स्वर, ना दुकानात मिळणारं वाद्य. म्हणून तारपा शिकणाऱ्या मुलाला आधार द्यायचा तर आधी हे वाद्य माणसाच्या हातात कसं येतं ते बघायला हवं.

तारप्याचं पोट म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. तो वेलावरच पिकू द्यायचा, साल टणक लाकडासारखी झाली की उतरवायचा, भोक पाडून आतला गर आणि बिया काढायच्या आणि पुरता वाळू द्यायचा. त्याच्या एका अंगाला तोंड लावून फुंकायचं भोक. दुसऱ्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवतात. एक नर, एक मादी. नळ्यांवर बोटांसाठी भोकं असतात. भोपळ्याच्या आत राहणाऱ्या टोकांना बांबूचीच पातळ जीभ असते. सूर जन्मतो तो तिथे. जिभेची जाडी नखाएवढी इकडेतिकडे झाली तरी सूर बसत नाही, आणि दोन्ही नळ्या एकदम वाजत असल्याने एकीची खोड दुसरीला भोगावी लागते. सगळे सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवायचे, हवा कुठूनही निसटता कामा नये. शेवटी नळ्यांच्या खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा निमुळता, तोंडाशी रुंद होत गेलेला कर्णा गुंडाळून बांधायचा. तारपा लहान असतो तसा माणसाच्या उंचीचाही असतो.

यात मुलाच्या सोयीची एक गोष्ट आहे. सनईची किंवा क्लॅरिनेटची पत्ती थेट ओठांत धरावी लागते, त्यामुळे दुधाचे दात पडायच्या वयात ती वाद्यं अवघड जातात. तारप्याची जीभ भोपळ्यात झाकलेली असते. ओठांनी फक्त वारा पुरवायचा. पुढचे दोन दात पडलेलं सात वर्षांचं पोरही त्यातून सूर काढू शकतं. त्याला अडवतं ते वाद्याचं वजन, लांबी आणि श्वास.

तारप्याचा सूर तुटत नाही. नाच चालू आहे तोवर तारपा चालू, आणि नाच कधी कधी रात्रभर. वाजवणारा श्वास घेतो, पण सूर थांबत नाही, कारण तो घेताना गालांत साठवलेली हवा भोपळ्यात ढकलतो आणि त्याच क्षणी नाकाने नवी हवा आत ओढतो. ऐकायला जादू वाटते, पण हे शिकता येतं आणि तारप्याशिवाय शिकता येतं. मुलाला गाल भरून पाणी घ्यायला सांगावं. आता गाल आवळत पाण्याची बारीक चिळकांडी बाहेर सोडायची आणि ती चालू असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. पहिल्यांदा ठसका लागतो, अंग भिजतं, हसू येतं. हे जमलं की पाण्याने भरलेला पेला आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ. देठ पाण्यात बुडवून हळू फुंकायचं, बुडबुडे येत राहिले पाहिजेत. गालातली हवा संपत आली की नाकाने श्वास, आणि बुडबुड्यांत खंड नाही. सुरुवातीला श्वास घेताना बुडबुडे थांबतात. मग नुसते मंदावतात. मग एके दिवशी मुलाच्या लक्षात येतं की ते थांबलेच नाहीत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर लाउनेद्दास नावाचं तीन नळ्यांचं वाद्य आहे, तिथेही मुलांना पाण्यात काडी घालूनच हा श्वास शिकवतात. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन मुलखांतली मुलं त्याच पेल्याशी झगडतात.

मोठ्यांनी इथे एवढंच सांभाळायचं: डोकं गरगरायला लागलं की थांबवायचं. गाल दुखेपर्यंत एकदाच तासभर बसवण्यापेक्षा दिवसातून चार वेळा थोडं थोडं करू द्यावं. आणि आवाजाला हरकत घेऊ नये. शिकाऊ तारप्याचा आवाज कर्कश असतो, तो घरात सोसवत नाही हे खरं. पण ‘बंद कर ते’ हे वाक्य मुलाने आठवडाभर ऐकलं, तर पुढच्या आठवड्यात तारपा कोपऱ्यात जातो. त्याला खळ्यावर, माळावर जागा दाखवावी.

बोटं आणि श्वास याच्याही आधी एक शिक्षण होतं, ते पायांचं. तारप्याच्या नाचात साखळी वाजवणाऱ्याला पाठ दाखवत नाही. तो मधोमध वळत असतो, सुरावट बदलतो. या सुरावटींना चाळा म्हणतात. चाळा बदलला की पावलं बदलतात. साखळीच्या शेपटाला लहान मुलं लटकतात, चुकतात, ओढली जातात, पण कोणत्या सुराला कोणतं पाऊल हे त्यांच्या अंगात उतरत जातं. अशा मुलाच्या हातात पुढे तारपा आला की त्याला सूर शोधावा लागत नाही, ओळखीचा सूर फक्त बोटांत आणायचा असतो. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी विसाव्या शतकात हेच तत्त्व मांडून जगभर नेलं: मूल मातृभाषा शिकतं तसं संगीत शिकतं, म्हणजे आधी भरपूर ऐकतं, घरातली माणसं सोबत असतात, वाचन पुढे कधीतरी. डहाणूच्या पाड्यांवर हे तत्त्व कोणी लिहिलं नव्हतं, ते जगलं जात होतं.

ते आता अडतं कुठे? ऋतूत अडतं. तारप्याचा हंगाम भात कापणीला आलं की सुरू होतो. बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करतो तेव्हा इकडे वाघबारस असते, वाघोबाला मान दिला जातो, नवं धान्य घरात येतं, कणसरी या धान्यदेवतेची आठवण होते, आणि तारपा बाहेर निघतो. पण दिवाळी उरकली की याच भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसईकडे, थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. तरुण माणसं खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांत बोटींवर असतात. तलासरीची माणसं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पाळ्या करतात. मुलं आश्रमशाळेच्या वसतिगृहात. म्हणजे ज्या महिन्यांत तारपा वाजायचा, त्याच महिन्यांत बाप एका जागी, मूल दुसऱ्या जागी आणि वाजवणारा आजा तिसऱ्या जागी, रिकाम्या पाड्यावर. इथे परंपरा मुलांना नकोशी झालेली नाही, त्यांची आणि आजाची गाठच पडत नाही.

या गाठीसाठी डहाणूलाच एक धडा आहे, आणि तो संगीताचा नव्हता. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात. कारण उघड होतं: मूल गुरं राखत होतं, धाकटी भावंडं सांभाळत होतं. तेव्हा या दोघींनी शाळाच मुलाकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरांमागे कुरणात भरणारी कुरणशाळा. शिकवायची साधनंही आजूबाजूची: बिया, पानं, खडे. तारप्याला आज नेमका हाच विचार हवा आहे. मूल आजाकडे जाऊ शकत नसेल तर आजाला मुलाकडे आणावं. आश्रमशाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या पाड्यावरचा वाजवणारा यावा, अभ्यासक्रम म्हणून नव्हे, नुसता येऊन अंगणात वाजवावा. मुलं नाचतील. त्यातली दोन-तीन नाच सोडून त्याच्या बोटांकडे बघत उभी राहतील. पुढचं शिकवणं त्या दोन-तिघांचं.

यासाठी त्या आजाला पैसे द्यावे लागतील, आणि ते देताना मान खाली घालायला लावू नये. त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या केंद्र सरकारच्या संस्थांकडे गुरू आणि शिष्य दोघांनाही मानधन देणारी गुरू-शिष्य परंपरा योजना आहे, महाराष्ट्र तिच्या कक्षेत येतो. पण अर्ज, फोटो, बँकेचं पासबुक, शिफारसपत्र हे सगळं पाड्यावरचा ऐंशी वर्षांचा माणूस एकट्याने करणार नाही. एखाद्या शिक्षकाने एक सुट्टी खर्चून त्याचा अर्ज भरून दिला, तर तो शिक्षक स्वतः बेसूर असला तरी त्याने मुलांच्या संगीतासाठी मोठं काम केलं. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडलेले तारपावादक आहेत. 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बापजाद्यांकडून आलेलं वाद्य आयुष्यभर वाजवून, स्वतः बनवूनही, देशाने दखल घ्यायला इतकी वर्षं गेली. त्यांच्यासारखे अजून पाड्यापाड्यांवर आहेत, आणि त्यांच्याकडे फार वर्षं शिल्लक नाहीत.

वाद्याचा प्रश्न वेगळा. आजाचा तारपा मुलाच्या हातात सहजासहजी येत नाही. त्याला देवाचा मान असतो, आणि शिवाय तो नाजूक असतो. मेणाचा सांधा उखडला, भोपळ्याला तडा गेला की संपलं. म्हणून मुलाला त्याच्या मापाचा छोटा तारपा हवा, पडला तर चालेल असा. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी 1975 साली सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या वाद्यवृंद चळवळीत लहान मुलांना आधी पुठ्ठ्याची व्हायोलिनं देतात, ती धरायला-सांभाळायला शिकली की खरी वाद्यं हाती येतात. आपल्याकडे पुठ्ठ्याची गरज नाही. पपईच्या देठाची किंवा भाताच्या काडीची पिपाणी करून पोरं पूर्वीपासून फुंकतात. काडीला नखाने चीर देऊन केलेली ती जीभ आणि तारप्यातली बांबूची जीभ, तत्त्व एकच. शाळेत चार छोटे तारपे असावेत, आलटून पालटून घरी नेता यावेत, पडले-फुटले तरी ओरडा बसू नये. आणि मूल जमेल तितकं दुरुस्तीतही असावं. मेण तापवून सांधा बुजवणाऱ्या मुलाला आपलं वाद्य कळतं, ते नुसत्या वाजवणाऱ्याला कळत नाही.

लग्नात आता डीजे असतो, कीबोर्डवर तारप्यासारखा सूर लावून पोरं त्याच चालींवर रात्र जागवतात. जुनी माणसं यावर नाराज असतात. मी त्या कीबोर्डवाल्या पोराला परका मानणार नाही. त्याच्या कानात चाळा अजून जिवंत आहे. त्याला खरा तारपा हातात दिला तर इतरांपेक्षा तो लवकर धरेल. मला जास्त काळजी वाटते ती स्नेहसंमेलनांची, जिथे पोरांना कंबरेला धोतर आणि डोक्याला पीस लावून, स्पीकरवर तयार ध्वनिफीत लावून तारपा नाच ‘बसवला’ जातो. हातात तारपा असतो, पण तो वाजत नाही. मुलाला यातून कळतं की तारपा हे सोंग आहे. त्याऐवजी एकच मुलगा अडखळत, श्वास तुटत पाच मिनिटं खरा वाजवू दे, आणि शाळेने तेवढी पाच मिनिटं निमूट ऐकून घ्यावी.

आणि मुलींचं काय? तारपा परंपरेने पुरुषांच्या हातात राहिला. पण वारली लग्न धवलेरीशिवाय, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईशिवाय, लागत नाही. लग्नाची सगळी गाणी तिच्या तोंडी, तीही म्हातारीकडून ऐकून ऐकून आलेली. म्हणजे एवढं मोठं तोंडी संगीत सांभाळायची ताकद इथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवली आहे. चौथीतल्या मुलीने तारपा मागितला तर तिला तो द्यावा, एवढंच मी म्हणेन. आजा नाही म्हणाला तर शाळेचा छोटा तारपा आहेच.

या अंकाचे वाचक डहाणू-तलासरीचे असोत की ठाण्या-पुण्याचे, दिवाळीची सुट्टी ही सगळ्यात चांगली वेळ आहे. आश्रमशाळा बंद, मुलं घरी, आजा घरी, हंगाम नुकताच सुरू आणि वीटभट्टीची गाडी यायला अजून काही दिवस. सुट्टीच्या अभ्यासाच्या वहीत एक पान असं असू द्यावं: पाड्यावर तारपा कोण वाजवतं, त्याच्याकडे किती चाळे आहेत, त्याने कोणाकडून घेतला. मुलाने जाऊन विचारावं, ऐकावं, जमलं तर मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. आणि मांडवावर दुधी लागले असतील तर त्यातला सरळ मानेचा एक भाजीसाठी तोडू नये. फेब्रुवारीपर्यंत तो वेलावर वाळेल. उन्हाळ्यात आजा फुरसतीत असतो. बांबू तोडलेला असेल, मेण मिळालेलं असेल, तर पावसाआधी मुलाच्या मापाचा तारपा तयार होतो, आणि पुढच्या वाघबारसेपर्यंत पेल्यातल्या बुडबुड्यांचा सराव करायला मुलाकडे पुरते चार महिने राहतात.