शेजारच्या नर्सबाई

आमच्या जळकोटकडे शाळेला स्वतंत्र नर्स नसते. येतात त्या उपकेंद्राच्या नर्सबाई. मैदानी भागात ५००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष. बाई रजेवर गेल्या की शेजारच्या उपकेंद्रातल्या बाईंकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. कागदावर दोनच शब्द!

१० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाचंच बघा. अल्बेंडाझोलची गोळी गुरुजी समोर चावून खायला लावतात. आजारी मुलाला ती द्यायची नसते. कुणाला मळमळलं, चक्कर आली, तर धावायचं नर्सबाईंनी. कुणाला फिट येते, कुणाला कुठलं औषध चालू आहे, हे नेहमीच्या बाईंना तोंडपाठ असतं. शेजारच्या बाईंना कसं कळणार? म्हणून रजेआधी ती नावं वहीत लिहून, वही मुख्याध्यापकांकडे ठेवावी. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांना पुढं वेगळ्या दिवशी गोळी देतात. त्यांची यादीही त्याच वहीत असू द्यावी.