आडव्या रेघेचे व्याकरण

संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक सर्वांच्या परिचयाची. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवायचे आणि पुढे काय होते ते पाहायचे. दुसरी तिच्याहून जुनी, ती म्हणजे आज्ञा लिहून द्यायची. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचे, की काम सुरू. बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जी यंत्रणा पडद्याआड चालते, तिची देखभाल करणारी माणसे आजही मुख्यतः ही दुसरी रीत वापरतात. या लिखित आज्ञांना एक लहानसे व्याकरण आहे. त्या व्याकरणात देवनागरी अक्षराला जागा आहे का, हा या लेखाचा विषय.

विषय रूक्ष वाटेल, पण मी त्याच्यापर्यंत पोचलो तो स्थळनामांच्या वाटेने. गेली काही वर्षे मी वसई-विरार परिसरातील गावे, पाडे, आळ्या, तळी, बावखले यांची नावे आणि त्यांच्याभोवतीचे सामवेदी व वाडवळी बोलीतील शब्द जमवतो आहे. २००९ मध्ये इथे महानगरपालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. इमारतींच्या संकुलांना नवी नावे मिळाली आणि त्यांच्याखालच्या शेताचे, बावखलाचे जुने नाव सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. संग्रह वाढला तेव्हा त्यात शोध घेण्यासाठी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. संगणकाचे रीतसर शिक्षण मला नाही. पुस्तके वाचून जेवढे जमले तेवढे. तो प्रोग्रॅम ज्यांनी वापरायचा त्या मराठीतच टाइप करणाऱ्या होत्या, आणि तिथून हा प्रश्न उभा राहिला.

ओळीचे तुकडे

समजा, प्रोग्रॅमचे नाव ‘शोध’ आहे आणि आपण अशी आज्ञा दिली :

शोध -म -ग गास पाडा

अर्थ असा की, ‘गास’ या गावापुरते पाहा, ज्यात ‘पाडा’ येते अशी नावे शोध आणि ती न दाखवता फक्त मोजणी सांग. इथे ‘-म’ हा मोजणीचा पर्याय, ‘-ग’ हा गावाचा पर्याय, ‘गास’ हे त्या पर्यायासोबत द्यायचे मूल्य आणि ‘पाडा’ हे आज्ञेचे कर्म.

विरारच्या तिकीट खिडकीवर कोणी म्हणते ‘चर्चगेट, दोन रिटर्न’, कोणी म्हणते ‘दोन रिटर्न द्या, चर्चगेट’. खिडकीतल्या माणसाला दोन्ही समजते, कारण ‘रिटर्न’ हा तिकिटाचा प्रकार आहे आणि ‘चर्चगेट’ हे ठिकाण, हे त्याला आधीपासून ठाऊक असते. रिटर्न नावाचे स्टेशन नाही. संगणकाला मात्र अशी कोणतीही आधीची समज नसते. त्याच्यासाठी सगळे शब्द सारखेच. म्हणून पर्यायाच्या आधी एक खूण लावायची, आडवी रेघ. आपण जिला संयोगचिन्ह म्हणतो तीच.

ओळीचे तुकडे पाडण्याचे काम प्रोग्रॅम स्वतः करत नाही. ‘शेल’ नावाचा मध्यस्थ मोकळ्या जागा पाहून ते करतो आणि तयार तुकडे प्रोग्रॅमच्या ‘मेन’ या मुख्य फंक्शनकडे सोपवतो. मेनला दोन गोष्टी मिळतात. ‘आर्ग-सी’ म्हणजे तुकडे किती, आणि ‘आर्ग-व्ही’ म्हणजे त्या तुकड्यांची रांग. वरच्या आज्ञेत आर्ग-सी ५ आहे, कारण पहिला तुकडा म्हणून प्रोग्रॅमचे नावही मोजले जाते. रांगेची मोजणी शून्यापासून, म्हणून शून्याव्या जागी ‘शोध’ आणि चौथ्या जागी ‘पाडा’.

महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांना आर्ग-सी आणि आर्ग-व्ही यांची ओळख नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून झाली. मीही त्यांपैकीच. तिथले उदाहरण फाइलची नक्कल करण्याचे आहे. पहिल्या जागी मूळ फाइल, दुसऱ्या जागी नकलेचे नाव. जागा ठरलेल्या असल्या की प्रश्न सोपा असतो. पर्याय आले की जागा ठरलेल्या राहत नाहीत. कोणी -म आधी लिहील, कोणी नंतर. कोणी तो लिहिणारही नाही.

प्रत्येकाचे वेगळे व्याकरण

सी भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक आले. त्यात मजकुरातील ओळी शोधणारा एक प्रोग्रॅम आहे. त्यातले पर्याय ओळखण्याचे काम हाताने केलेले आहे. तुकड्याचे पहिले चिन्ह आडवी रेघ आहे का पाहायचे, असेल तर पुढचे अक्षर वाचायचे, त्याप्रमाणे वागायचे.

ही रीत समजायला उत्तम, पण तिच्यात एक अडचण होती. प्रत्येक लेखक आपापल्या पद्धतीने वाचू लागला. एका प्रोग्रॅमला दोन पर्याय जोडून लिहिलेले चालत, दुसऱ्याला चालत नसत. एकाला मूल्य पर्यायाला चिकटून हवे, दुसऱ्याला जागा सोडून. पलीकडे डॉसच्या जगात तर खूणच वेगळी होती. तिथे पर्यायाआधी तिरकी रेघ लावत. पुढे १९८३ मध्ये डॉसमध्ये फोल्डरची सोय आली, तेव्हा ही तिरकी रेघ आधीच अडकलेली असल्याने फोल्डरच्या मार्गासाठी उलटी तिरकी रेघ घ्यावी लागली. विंडोजमध्ये ती आजही दिसते.

युनिक्सच्या जगात शिस्त आणली ती ‘गेटऑप्ट’ या फंक्शनने. ते बेल लॅब्जमध्ये वापरात होतेच. १९८५ मध्ये डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला केला. पुढे पॉसिक्स या प्रमाणीकरणातही ते आले.

गेटऑप्टला आपण एक सांकेतिक ओळ द्यायची, आमच्या उदाहरणात ‘मग:’. तिचा अर्थ, मला म आणि ग हे दोन पर्याय ठाऊक आहेत आणि ज्याच्यापुढे विसर्ग आहे त्याला मूल्य लागते. (छापताना तो अपूर्णविराम आहे, पण डोळ्याला विसर्गच दिसतो.) मग गेटऑप्टला पुन्हा पुन्हा हाक मारायची. दर वेळी ते एक पर्याय हाती देते, मूल्य असेल तर ते ‘ऑप्टार्ग’मध्ये ठेवते, अनोळखी पर्याय आला तर प्रश्नचिन्ह देते, पर्याय संपले की उणे एक. रांगेत आपण कुठवर आलो ते ‘ऑप्टइंड’ सांगते. तिथून पुढे उरतात ती कर्मे.

रेघेने सुरू होणारे नाव

आता आमच्या संग्रहाकडे येऊ. भाषेच्या अभ्यासात शब्दाच्या शेवटी लागणारा घटक लिहिताना त्याच्याआधी आडवी रेघ देतात. ‘-पाडा’ म्हणजे मनवेलपाडा, फुलपाडा यांतला उत्तरपद. ‘-गाव’ म्हणजे भुईगाव, नायगाव यांतला. आमच्या फोल्डरमध्ये अशाच नावांच्या फाइली आहेत. व्याकरणकाराच्या लेखी ती रेघ म्हणते, ‘माझ्याआधी काहीतरी आहे’. युनिक्सच्या लेखी तीच रेघ म्हणते, ‘मी पर्याय आहे’.

हा संघर्ष केवळ गंमतीचा नाही. शेलमध्ये तारका हे चिन्ह ‘या फोल्डरातील सर्व फाइली’ असा अर्थ देते, आणि त्या सर्व नावांची यादी शेलच करून प्रोग्रॅमच्या हाती ठेवतो. प्रोग्रॅमला मिळतात ते नुसते तुकडे. कोणता तुकडा माणसाने टाइप केला आणि कोणता फाइलीचे नाव म्हणून आला, हे कळायला मार्ग नसतो. फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेला ‘-आरएफ’ असे (अर्थात रोमन अक्षरांत) जोडले, तर ती न विचारता फोल्डरच्या आतले सगळे पुसत जाते. त्याच नावाची फाइल कोणी फोल्डरात ठेवली आणि दुसऱ्याने तारका देऊन फक्त सुट्या फाइली पुसायला सांगितल्या, तर आतले फोल्डरही जातील. संगणकसुरक्षेत हा हल्ल्याचा ज्ञात प्रकार आहे.

उपाय पॉसिक्सच्या दहाव्या नियमात आहे. नुसत्या दोन आडव्या रेघा, ‘--’, आल्या की पर्याय संपले. पुढचे सगळे कर्म समजावे. ‘शोध -म -- -पाडा’ असे लिहिले की -पाडा सुखरूप पोचतो. दुसरा उपाय, फाइलीच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी. मग नाव रेघेने सुरूच होत नाही. ज्यांच्या संग्रहात प्रत्यय आहेत त्यांनी हे दोन्ही उपाय लक्षात ठेवावेत.

‘म’ का चालत नाही?

आमच्या संग्रहासाठी शब्द भरणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात. मोजणीसाठी रोमन ‘सी’ का टाइप करायचा, हे त्यांनी मला विचारले. ‘मोजणीचा म का नाही चालत? फाइलीत म चालतो, मग आज्ञेत का नाही?’

उत्तर बाइटमध्ये आहे. सी भाषेतील ‘कॅर’ म्हणजे एक बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. ‘ग’ म्हणजे २२४, १६४, १५१. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. दुसरा १६४ किंवा १६५.

लिनक्सवर सर्रास वापरले जाणारे जीएनयूचे गेटऑप्ट एकेक बाइट वाचते. त्याला ‘-म’ दिसतो तो एका रेघेमागे जोडून लिहिलेले तीन पर्याय म्हणून. सांकेतिक ओळीत ‘मग:’ असेल, तर तिन्ही बाइट तिथे सापडतात आणि एका अक्षराऐवजी तीन उत्तरे हाती येतात. ‘-प’ दिला तर पहिले दोन बाइट ओळखीचे निघतात, तिसरा अनोळखी, आणि तक्रार येते ती एक तृतीयांश अक्षराबद्दल. पडद्यावर त्या जागी निरर्थक खूण उमटते. पॉसिक्सचा तिसरा नियमही स्पष्ट आहे. पर्यायाचे नाव मूलभूत संचातले एकच अक्षर वा अंक असावे. त्या संचात देवनागरी नाही.

पण हा निसर्गनियम नव्हे. ‘मसल’ नावाचे सी भाषेचे दुसरे एक ग्रंथालय आहे; अल्पाइन लिनक्स त्यावर चालते. त्यातले गेटऑप्ट बाइटऐवजी पूर्ण चिन्ह वाचते, त्यामुळे योग्य लोकेल निवडल्यास तिथे ‘-म’ हा एकच पर्याय ठरतो. म्हणजे करायचे ठरवले तर होते.

तरी मराठीचा प्रश्न तिथेही पूर्ण सुटत नाही. युनिकोडमध्ये ‘की’ ही दोन चिन्हे आहेत, क आणि वेलांटी. ‘क्ष’ तीन चिन्हांचा. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो आणि संगणक ज्याला एक चिन्ह म्हणतो, त्यांत हे अंतर आहे. म्हणून एकाक्षरी पर्याय घ्यायचेच तर मात्रा नसलेली साधी व्यंजने किंवा सुटे स्वर घ्यावेत.

लांब नावांचा आधार

मराठीला खरी जागा मिळते ती लांब पर्यायांत. जीएनयूने ‘गेटऑप्ट-लाँग’ आणले. त्यात दोन रेघांमागे पूर्ण शब्द लिहितात. ही नावे सबंध तुकडा म्हणून ताडून पाहिली जातात, त्यामुळे बाइट किती याला महत्त्व नाही. ‘--मोजा’ आणि ‘--गाव’ निर्वेध चालतात. एवढेच नव्हे, संदिग्धता नसेल तर नावाचा नुसता आरंभही पुरतो.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, मराठीचा ‘ऱ’. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. दिसायला दोन्ही एकच. बाइट मात्र एकाचे तीन, दुसऱ्याचे सहा. ‘--अपुऱ्या’ असा पर्याय ठेवला आणि वापरणाऱ्याच्या कळफलकाने दुसरे रूप दिले, तर प्रोग्रॅम म्हणेल, असा पर्याय नाही. नाव ताडण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घ्यावीत किंवा ‘ऱ’ असलेले नावच टाळावे. दुसरी काळजी रेघांची. मजकूर लिहिण्याची अनेक साधने दोन लहान रेघांची आपणहून एक लांब रेघ करतात. ती आज्ञेत चिकटवली की पर्याय ओळखला जात नाही. या अंकाच्या जुळारींनीही या लेखातल्या रेघा तशाच राहू द्याव्यात, ही विनंती.

‘शोध’मध्ये शेवटी मी अशी व्यवस्था केली. गेटऑप्ट-लाँगकडे रांग सोपवण्याआधी एक छोटी फेरी ती रांग तपासते. नेमका ‘-म’ एवढाच तुकडा दिसला तर त्या जागी ‘--मोजा’ ठेवते, ‘-ग’ दिसला तर ‘--गाव’. ‘--’ दिसले की थांबते. पुढचे सगळे काम तयार फंक्शन करते. कर्निघन-रिची यांची हाताने वाचण्याची रीत आणि जीएनयूचे तयार व्याकरण, दोन्हींचा त्यात वाटा आहे.

संगणकात मराठी आणण्याचे पुष्कळ काम झाले आहे. सीच्या जीएनयू ग्रंथालयात मराठी भाषेचे लोकेल आहे, ग्नोमसारख्या डेस्कटॉपचे मराठी भाषांतर झाले आहे. मात्र भाषांतराने संगणक मराठीत उत्तर देऊ लागतो. त्याला मराठीत सांगता येणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, वापरणारा कोणत्या लिपीत विचार करतो हे आरंभीच विचारात घ्यावे लागते. खर्च फार नाही. लांब पर्यायांच्या तक्त्यात रोमन नावाशेजारी मराठी नावाची एक ओळ वाढवायची, एवढेच. बाई आता ‘शोध -म -- -पाडा’ असे टाइप करतात आणि आलेला आकडा वहीत लिहून ठेवतात.