चिखलाची नाडी

जमिनीच्या किंवा समुद्रतळाच्या खाली, खडकांच्या पोटात, खनिज तेल व वायू दडलेले असतात. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'सागर सम्राट' या मंचावरून विहीर खोदून १९७४ साली तेल शोधण्यात आले. अशी विहीर खोदताना पोलादी गिरमिटाइतकेच महत्त्व एका साध्या पदार्थाला असते. तो पदार्थ म्हणजे चिखल!

पाण्यात बेंटोनाइट नावाची माती आणि बराइट या जड खनिजाची पूड कालवून हा चिखल तयार करतात. पंपाने तो पोकळ नळ्यांतून खाली सोडला जातो. तो गिरमिटाला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या भाराने खालच्या वायूला दाबून धरतो. चिखल हलका झाला, तर वायू उसळून वर येतो. फार जड झाला, तर भोवतालचा खडक फुटून चिखल त्यातच मुरतो. म्हणून त्याचा जडपणा व दाटपणा सदैव ठाऊक असावा लागतो.

१९३१ साली हॅलन मार्श यांनी दाटपणा पाहण्यासाठी एक नरसाळे सुचवले. त्यातून ९४६ मिलिलिटर पाणी गळण्यास सुमारे २६ सेकंद लागतात. चिखलास जितका अधिक वेळ लागेल, तितका तो दाट समजावा. जडपणा तराजूने पाहतात. ही साधने आजही वापरात आहेत. परंतु नमुना मोजून होईपर्यंत विहिरीतील स्थिती पालटू शकते.

म्हणून आता वाहत्या चिखलाचेच मोजमाप घेतात. जलतरंगाच्या पेल्यात पाणी वाढवले की त्याचा स्वर खाली उतरतो. त्याच न्यायाने, चिखल वाहून नेणारी एक नळी यंत्राने कंपित करतात. चिखल जड असेल, तर कंपने मंदावतात. हलका असेल, तर वाढतात. सरळ नळीच्या दोन टोकांच्या दाबांतील फरकावरून दाटपणाचाही अंदाज येतो. हे आकडे क्षणोक्षणी पडद्यावर उमटतात. वर येणारा चिखल एकाएकी हलका झाला, तर त्यात वायू शिरल्याचा संशय येतो आणि विहिरीचे तोंड वेळीच बंद करता येते.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात, 'डीपवॉटर होरायझन' या मंचावर, विहिरीतील जड चिखल काढून त्याजागी हलके समुद्राचे पाणी भरले जात होते. वायू शिरत असल्याच्या खुणा मापकांवर उमटल्या होत्या. पण त्यांचा अर्थ वेळीच ध्यानात आला नाही. भयंकर स्फोट झाला आणि ११ कामगार प्राणांस मुकले. यंत्र चिखलाची नाडी दाखवते खरे. परंतु ती ओळखून तत्काळ हात हलवण्याचे काम अखेर माणसालाच करावे लागते.