पाहून काढणें

परीक्षेंत दुसऱ्याचें पाहून लिहिणें हा अपराध. परंतु जुन्या चित्रकाराचें पाहून चित्र काढणें हा अभ्यास होय. हा भेद विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं ध्यानांत घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यांत पांचव्या शतकांतील एक चित्र आहे. विश्वंतर राजपुत्र रथांत बसून नगर सोडून चालला आहे व वाटेंत बाजारांतील दुकानें दिसत आहेत. हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचें. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील वाशीम.

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं 1872 ते 1885 या काळांत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करविल्या. त्यांतील पुष्कळ 1885 मध्यें लंडन येथें आगींत जळाल्या. पण शिकलेला हात जळत नाहीं. त्या विद्यार्थ्यांपैकीं पेस्तनजी बोमनजी हे पुढें नामांकित व्यक्तिचित्रकार झाले.

असें बाजाराचें चित्र उतरवितांना छापील प्रतीवर व कागदावर प्रमाणशीर चौकोन आखावे. मोठे आकार आधीं, नाकडोळे शेवटीं. जागोजाग ‘असें कां?’ हें विचारावें. मागचा माणूस पुढच्याच्या आड अर्धा झांकला, कीं गर्दी भासते. त्यासाठीं जमिनीवर सांवल्या रंगवाव्या लागत नाहींत. नुसत्या डोळ्यांना निसटलेलें असें मर्म हाताला सांपडतें.

मग तें चित्र मिटून ठेवावें आणि कोरा कागद घेऊन चांदूरच्या बाजारांत बसावें. तेथें जें साधेल, तेवढेंच आपण शिकलों असें समजावें.