ॲपवरचा हॅम रेडिओ : ‘सीक्यू’ दिल्यावर कॉलिंग फ्रिक्वेन्सी का सोडायची?

चाकूर : रात्री साडेदहाला हेडफोन लावून मी पहिल्यांदा ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक दिली, तेव्हा इटलीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी उत्तर दिलं. हातात रेडिओ नव्हता, गच्चीवर अँटेना नव्हता. होतं ते फोनमधलं रेडिओची नक्कल करणारं ॲप. पाऊस, सोयाबीन, त्यांची द्राक्षं अशा गप्पा रंगल्या. पाच-सात मिनिटांनी तिसराच आवाज मध्ये आला. रागावलेला नव्हता, एवढंच म्हणाला, ‘मित्रांनो, पाच किलोहर्ट्झ वर सरका, इथे लोक हाक मारायला थांबलेत.’

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेताना मॉड्युलेशनची गणितं केली, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

कॉलिंग फ्रिक्वेन्सी म्हणजे काय?

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. गाडी विचारायला सगळे तिथेच येतात. विचारून झालं की बाजूला व्हायचं. पाहुण्याची गाठ तिथे पडली, तरी घरच्या गोष्टी चहाच्या टपरीवर. खिडकीशी उभं राहून कुणी लग्नाची बोलणी सुरू केली, तर मागचे काय म्हणतील?

रेडिओवरही तसंच. सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका आकड्यावर हाक मारायची, उत्तर आलं की दोघांनी मोकळी जागा ठरवून तिकडे जायचं. याला ‘क्यूएसवाय’ करणं म्हणतात. नव्या जागी गेल्यावर आधी ऐकायचं, मग ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं विचारायचं. शांतता ऐकू आली म्हणजे जागा रिकामी असं नसतं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचाच आवाज तुमच्यापर्यंत पोहोचत असेल, आणि नेमका दुसरा बोलत असेल. शॉर्टवेव्हवर हे रोजचं आहे.

किती सरकायचं? एसएसबी पद्धतीचा आवाज जवळपास तीन किलोहर्ट्झ जागा खातो. त्यापेक्षा जवळ बसलात, तर शेजाऱ्याला तुमचा चिरका आवाज ऐकावा लागणार.

मग बँड प्लॅन कशासाठी?

इथे नव्या मुलांचा गोंधळ होतो. कुठला पट्टा हौशी रेडिओसाठी, हे सरकार ठरवतं. तो कायदा. त्या पट्ट्याच्या आत मोर्स कुठे, आवाज कुठे, डिजिटल कुठे, याची वाटणी हॅम मंडळींच्या संघटनांनी आपसात केलेली असते. तो बँड प्लॅन. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे जगात तीन विभाग आहेत, भारत तिसऱ्यात येतो.

20 मीटरचा पट्टा घ्या : 14.000 ते 14.350 मेगाहर्ट्झ. सुरुवातीला मोर्सची टकटक. 14.074 वर एफटी-8, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या गप्पा. 14.230 च्या आसपास चित्रं पाठवणारे. आणि 14.100 वर तर बोलायचंच नाही. तिथे जगभरातली 18 बीकन केंद्रं पाळीपाळीने दहा-दहा सेकंद संकेत देतात, तीन मिनिटांत एक फेरी. आपल्याला सगळ्यांत जवळचं श्रीलंकेतलं. ते ऐकू आलं की त्या दिशेची वाट उघडी आहे, हे कळतं. कुणी तिथे ‘हॅलो, हॅलो’ केलं की जगभरातल्या लोकांचं हे मोजमाप बिघडतं.

हॅमस्फिअरसारखी ॲप्स हे सगळं इंटरनेटवर उभं करतात. खरखर, आवाजाचा चढउतार, दिवस-रात्रीचा फरक, सगळं नकली, पण बऱ्यापैकी खरं वाटणारं. परवाना नसलेल्यालाही ॲपपुरतं कॉलसाइन मिळतं. इकोलिंक मात्र वेगळं. ते खऱ्या हॅम केंद्रांना जोडतं, त्यामुळे परवान्याचा पुरावा दिल्याशिवाय प्रवेश नाही.

किल्लारीच्या जिल्ह्यात याचं काय?

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या काळात मोबाइल नव्हते. हॅम ऑपरेटर मदतीला आले आणि निरोपांची ने-आण केली. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद यांच्यासह भारतीय हॅम मंडळी योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होती. हौसेसाठी नेलेले संच काही तासांत अंदमानच्या संपर्काचं साधन झाले.

अशा वेळी 14.300 मेगाहर्ट्झ, आपल्या विभागात 7.110 मेगाहर्ट्झ, हे आपत्कालीन संपर्काचे ठरलेले आकडे. ते कायद्याने राखीव नाहीत. एरवी तिथे बोललात तर दंड होणार नाही. संकटाचा निरोप सुरू असताना बाकीच्यांनी गप्प राहायचं, हे बरंचसं सवयीवर चालतं. ॲपवर तासन्‌तास कॉलिंग फ्रिक्वेन्सी अडवून बसणारा उद्या खरा संच हातात आल्यावर वेगळं वागेल, असं मला तरी वाटत नाही.

ॲपवर शिकलेलं सगळंच चालतं का?

नाही. अमेरिकी व्हिडिओ पाहून मुलं 146.520 मेगाहर्ट्झ पाठ करतात. ती तिथली एफएम कॉलिंग फ्रिक्वेन्सी खरी, युरोपात ती 145.500. पण भारतात हौशींचा हा पट्टा 144 ते 146 पर्यंतच. म्हणजे अमेरिकेतला शिष्टाचार इथे पट्ट्याबाहेर. 40 मीटरवरही तेच : अमेरिकेत 7.300 पर्यंत, आपल्याकडे 7.200 ला हद्द संपते.

दुसरं, ॲपवर हात बसला म्हणून ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवून बटण दाबू नका. हौशी पट्ट्यावर परवान्याशिवाय प्रसारण बेकायदा आहे. ऐकण्याचा सराव ॲपवर हवा तेवढा करा.

परवाना अवघड नाही. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही आणि कॉलसाइन सहसा ‘व्हीयू3’ने सुरू होतं, जनरलचं ‘व्हीयू2’ने. राजीव गांधींचं होतं ‘व्हीयू2आरजी’. वयाची अट 12 वर्षं पूर्ण, म्हणजे सातवी-आठवीतली मुलंसुद्धा बसू शकतात. अर्ज विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर करता येतो.